मिस्त्रीचं विमान आणि गेनबाच्या चार गाठी

त्या दिवशी घोडमाळावर थंडी अशी पडली होती की रांजणातलं पाणी हाताला चावत होतं. आभाळ धुऊन पालथ्या घातलेल्या परातीसारखं मोकळं. वारा नाही. धुकं अजून खाली ओढ्यातच निजलेलं, आणि गावातली कुत्री चुलीच्या राखेतून उठायला तयार नव्हती. अशा सकाळी घोडमाळ गावचा एक भोळा माणूस, नाव गेनबा, विमानात बसून एका काट्याकडे टक लावून बघत होता.

विमान त्याचं नव्हतं. त्याच्या दाजींचं होतं.

दाजी म्हणजे हणमंत मिस्त्री. सगळा जन्म शहरात मोटारी दुरुस्त केल्या, आणि गावी परत आल्यावर माणसाने गप्प बसावं की नाही? हे बसले नाहीत. घरामागं पत्र्याची शेड घातली आणि विमान करायला घेतलं. इंजिन एका जुन्या मोटारीचं, पंख लाकडाचे, त्यावर कापड, बसायची खुर्ची बंद पडलेल्या सलूनमधली. अकरा वर्षं खपले. माळावरचे धोंडे वेचून पळायची पट्टीसुद्धा केली. आता येत्या गुरुवारी विमानं तपासणारे साहेब येणार होते. त्यांनी इंजिन पास केलं तर मिस्त्री उडणार.

आणि नाही केलं तर? ते अक्काने सांगून ठेवलं होतं. अक्का म्हणजे मिस्त्रीची बायको, गेनबाची थोरली बहीण. ती म्हणाली, "अकरा वर्सं ह्या सांगाड्यासंगं सवतीवानी नांदले. गुरुवारी साहेबानं न्हाई म्हटलं, तर सांजच्याला माझ्या कोंबड्या त्यात कोंडीन. एवीतेवी मला खुराडं पायजेच हाय."

अक्का बोलली की करायची. म्हणून मिस्त्रीच्या पोटात गोळा होता.

गेनबाच्या पोटात गोळा नव्हता. त्याच्या पोटात भाकरी होती. सोळा वर्षांपूर्वी तो बहिणीला भेटायला आला होता. निघताना बहीण म्हणाली, "राहा की रं." तो राहिला. जा असं नंतर कुणी म्हणालं नाही. सांगितलेलं विसरू नये म्हणून तो खांद्यावरच्या टॉवेलाला गाठ मारायचा. सांगितलेलं तो कधी विसरला नाही, हीच सगळ्यांची पंचाईत होती.

तर रविवारची ती सकाळ. मिस्त्री म्हणाले, "गेनबा, हा तेलाच्या उष्णतेचा काटा. हा तांबड्या रेघेवर गेला म्हणजे इंजिन पेटायला आलं. गेला की मला हाक मार. मी चावी फिरवतो."

मिस्त्रीने चावी अर्धी फिरवली. इंजिन अजून सुरूसुद्धा झालं नव्हतं. काटा टणकन उडाला आणि तांबड्या रेघेवर जाऊन बसला.

"दाजी, पेटलं!" गेनबा ओरडला. नुसता ओरडून थांबला नाही. शेजारी रांजण होता. बादली भरली आणि इंजिनावर ओतली. दुसरी भरली, ती मिस्त्रीवर ओतली, कारण ते इंजिनाजवळ होते.

मिस्त्रीने टोपी काढून पिळली. दात वाजत होते.

"गेनबा," ते शेवटी म्हणाले, "ह्या थंडीत, बंद इंजिन पेटंल का?"

"काटा म्हणाला, दाजी."

"अरं, काटा खोटं बोलतोय. काटा काय म्हणतो त्याच्यावर लगीच भरवसा ठिवू नये. आधी हात लावून बघावा. थंड लागलं तर काटा खोटा. समजलं?"

"व्हय दाजी. ध्यानात ठेवतो."

टॉवेलाला पहिली गाठ पडली.

सोमवारी अक्काने त्याला ज्वारीचं पोतं देऊन गिरणीत पाठवलं. गिरणी रसूलचाचांची. दळणाआधी प्रत्येकाचं धान्य मोठ्या काट्यावर वजन करायची त्यांची रीत. पाच-सहा बाया डबे घेऊन बसल्या होत्या. रसूलचाचांनी पोतं काट्यावर ठेवलं आणि म्हणाले, "तेरा किलो."

गेनबाने टॉवेल बघितला. गाठ होती. त्याने पोत्यावर हात ठेवला. वरून ठेवला, खालून ठेवला, पोत्याचं तोंड सोडून आत कोपरापर्यंत घातला.

"काय रं, काय हरवलं का?" चाचा म्हणाले.

"चाचा, तुमचा काटा खोटं बोलतोय."

गिरणीतल्या बायांच्या माना वळल्या. गिरणी आपली फडफडत राहिली.

"काय बोलला?"

"पोतं थंड हाय," गेनबा शांतपणे म्हणाला. "हात लावून बघितलं. थंड लागलं म्हंजी काटा खोटा. माझे दाजी म्हणतात."

रसूलचाचांच्या काट्याला आजवर कुणी बोट लावलं नव्हतं. त्यांनी पोतं उचललं, गेनबाच्या डोक्यावर ठेवलं, आणि त्याला धरून गावाकडं तोंड करून उभं केलं. "तुझ्या दाजीला सांग, विमानात दळ म्हणावं."

गेनबाने घरी येऊन निरोप तसाच सांगितला. त्या दिवशी घरात पीठ नव्हतं. मिस्त्रीने ताटातला नुसता भात बघितला, आणि तरी आवाज चढवला नाही. आवाज चढवून काय होतं ते त्यांना सोळा वर्षांत समजलं होतं.

"गेनबा, काटा खरा का खोटा हे असं ठरवत न्हाईत. ज्याचं माप आपल्याला पक्कं ठाऊक हाय, असं काहीतरी घ्यायचं. उकळतं पाणी घे. उकळतं पाणी म्हंजी शंभर. त्यात बुडवायचं, आणि काटा शंभरावर आला तर खरा. न्हाई आला तर खोटा. चल, दावतो."

आता इंजिनाच्या पोटात बोटाएवढी एक पितळी नळी असते. आत किती तापलंय ते तिला कळतं, आणि ती तारेतून काट्याला कळवते. तिला मिस्त्री सेन्सर म्हणायचे. त्यांनी सेन्सर बाहेर काढला, तार जोडलेलीच ठेवली, आणि अक्काच्या चहाच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात बुडवला. काटा एकशे साठावर गेला.

"बघ. साठ जास्ती सांगतोय. लबाड हाय."

"उकळल्याबिगर खरं बाहेर येत न्हाई, दाजी," गेनबा म्हणाला. त्याला हे फार पटलं होतं.

दुसरी गाठ पडली.

मंगळवारी शेजारच्या पारूबाई आल्या. पारूबाईंचा गोठा मिस्त्रीच्या शेडीला अगदी लागून. बाई साठीची, एकटी, आणि जिभेला चांगलीच धार. हातात गजराचं घड्याळ होतं. "गेन्या, तुझे दाजी कुठं गेले? न्हाईत व्हय? मग तूच बघ. ह्या आठवड्यात दोनदा एस्टी चुकली माझी. ह्ये घड्याळ खरं सांगतंय का खोटं, तेवढं बघून ठेव. मी शेणी थापून आलेच."

गेनबाने टॉवेल बघितला. मग चूल पेटवली.

पारूबाई तासाभराने आल्या तेव्हा तो पातेल्यापुढं उकिडवा बसला होता. पाणी खदखदत होतं. तळाशी घड्याळ होतं. अधूनमधून बुडबुड्याबरोबर ते वर यायचं, पारूबाईंकडं बघायचं आणि परत खाली जायचं.

"अगं बया! ह्ये काय शिजवतोस?"

"खोटंच निघालं, मावशी," गेनबा म्हणाला आणि सांडशीने घड्याळ बाहेर काढलं. "शंभर दाखवायला पायजे. ह्याच्यावर आकडेच बारापर्यंत हाईत. त्याला शंभर म्हणायचंच न्हाई, ते कशाला खरं बोलंल?"

पारूबाईंनी घड्याळ कानाला लावलं. कान भाजला. आतून पाणी गळलं, दुसरं काही ऐकू आलं नाही.

"बंद पडलं की रं मुडद्या!"

"व्हय. पर आता खोटं बोलत न्हाई."

पारूबाईंचा आवाज पार ओढ्यापर्यंत गेला. मिस्त्री पळत आले. घड्याळ सुकवून, उघडून, चाळीस बारीक तुकडे फडक्यावर मांडून पारूबाईंना शब्द दिला की दुरुस्त करून देतो. मग गेनबाला शेडीत घेऊन गेले.

"गेनबा, परीक्षा घेतली की खोटं हाय एवढंच कळतं. बिघाड कुठं हाय ते कळत न्हाई. त्याला उकळत न्हाईत. अदलाबदल करतात."

"म्हंजी कसं, दाजी?"

"म्हंजी असं. हा सेन्सर बिघडलेला वाटतोय. तो पलीकडं चांगला चाललाय. चांगला काढून हिकडं लावायचा, बिघडलेला तिकडं लावायचा. बिघाड त्याच्यासंगं सरकला तर सेन्सरात हाय. बिघाड जागच्या जागी राहिला तर जागेत हाय. ह्यात चूक होतच न्हाई."

त्यांनी सेन्सर बदलून दाखवले. तोच काटा, तसाच तांबड्या रेघेवर. बिघाड जागचा हलला नाही.

"सेन्सर बिचारा चांगला हाय," मिस्त्री म्हणाले. "उगीच उकळला त्याला. आता उद्या तारा बघू."

तिसरी गाठ.

त्या रात्री जेवताना अक्का सहज म्हणाली, "आपली चंद्री म्हैस दूध का देईना कुणास ठाऊक. आठ दिवस झाले, चहापुरतंसुद्धा न्हाई. आणि पारूबाईची म्हैस बघा, बादली भरती."

बोलणं संपलं. मिस्त्री तारांच्या विचारात, अक्का उष्ट्या भांड्यांत. गेनबा तेवढा टॉवेल चाचपत राहिला.

बुधवारी पहाटे पारूबाई नेहमीसारख्या कासंडी घेऊन गोठ्यात बसल्या. दिवा लावायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. म्हैस त्यांची आणि हात त्यांचे. अर्धा तास कास ओढली. गाणं म्हटलं. पाठ थोपटली. शिव्या दिल्या. थेंब नाही. उजाडलं आणि म्हशीने मान वळवून बघितलं तेव्हा पारूबाईंच्या ध्यानात आलं, की हिचं एक शिंग वाकडं आहे.

पारूबाईंच्या म्हशीची दोन्ही शिंगं सरळ होती.

तिकडं मिस्त्रीच्या गोठ्यात गेनबा पारूबाईंची म्हैस पिळत होता. तिने त्याला दोनदा लाथ मारली होती, एकदा शेपटीने मुस्कटात दिली होती, पण कासंडी भरली होती. तो ती घेऊन, कपाळावर टेंगूळ घेऊन, मिस्त्रीच्या अंथरुणाशी उभा राहिला.

"दाजी, बिघाड सापडला!"

मिस्त्री ताडकन उठले. "कुठल्या तारंत?"

"म्हशीत. गोठा साफ चांगला हाय. दूध म्हशीसंगं सरकलं."

मिस्त्रीने दुधाकडं बघितलं. गेनबाकडं बघितलं. रागवायला तोंड उघडलं, आणि मिटलं. कारण हिशेब बरोबर होता. चंद्री म्हातारी झाली होती, हे अक्कालाही मनातून ठाऊक होतं.

एवढ्यात पारूबाई चंद्रीला ओढत दारात आल्या. पुढचं काय बोलणं झालं ते लिहिण्यासारखं नाही. मिस्त्रीने हात जोडले, दूध परत दिलं, म्हशी परत बदलल्या, आणि वर पारूबाईंचा खुंटा स्वतः ठोकून दिला. साधा खुंटा नव्हे तो. रेल्वेच्या रुळाचा तुकडा, कमरेएवढा जमिनीत गाडलेला. पारूबाईंच्या म्हशीने लाकडाचे सात उपटले होते, म्हणून हा. गेनबाने तो डोळे भरून बघून घेतला.

त्याच दिवशी दुपारी मिस्त्रीला खरा बिघाड सापडला. इंजिनाच्या अंगाला एक तार बोल्टने जोडलेली होती. त्या खोट्या काट्याची ती परतीची तार. मिस्त्रीने मागं हौसेने इंजिनाला हिरवा रंग दिला होता, आणि बोल्ट त्या रंगावरच आवळला होता. लोखंडाला लोखंड लागतच नव्हतं. त्यांनी रंग खरवडला, तार घासून चकचकीत केली, बोल्ट आवळला, चावी अर्धी फिरवली. काटा हळूच हलला आणि थंडीवर येऊन गुपचूप बसला.

मिस्त्रीने टोपी काढून काट्याला नमस्कार केला. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"काय झालतं, दाजी?"

"अर्थिंग कच्चं होतं, गेनबा. घराचं कच्चं असलं की भिंतीला हात लावल्यावर झटका बसतो. इंजिनाचं कच्चं असलं की काटं खोटं बोलतात. येवढंच. उद्या साहेब यायच्या आधी अर्थिंग पक्कं हाय का तेवढं एकदा बघ. कच्चं वाटलं तर पक्कं कर. आणि तार ताणून बांधू नको. थरथरून तुटती. ढील ठिवावी."

"व्हय दाजी. ध्यानात ठेवतो."

चौथी गाठ.

गुरुवार उजाडला. मिस्त्री धुतलेलं धोतर नेसत होते, अक्का साहेबासाठी कांदेपोहे करत होती आणि कोंबड्या अंगणात फिरत होत्या. गेनबा शेडीत गेला आणि अर्थिंग बघू लागला.

त्याने तार बोटाने धरून माग काढला. तार बोल्टापाशी गेली. बोल्ट इंजिनाला होता. इंजिन विमानाला होतं. विमान चाकांवर होतं. आणि चाकं रबराची होती.

गेनबा खाली बसला. वाकून पलीकडं बघितलं. विमान जमिनीला कुठंच लागलेलं नव्हतं.

घराचं अर्थिंग त्याला चांगलं ठाऊक होतं. मागल्या उन्हाळ्यात भिंत झटके मारायला लागली तेव्हा खड्डा त्यानेच खणला होता. लोखंडी पत्रा पुरायचा, वर मीठ, मग कोळसा, परत मीठ, वर पाणी, आणि तार त्या लोखंडाला पक्की. दाजी विसरले, त्याला वाटलं. म्हातारे झाले. अकरा वर्षं विमान केलं आणि जमिनीला जोडायचंच राहिलं. साहेबाने बघितलं असतं तर?

खड्डा खणायला वेळ नव्हता. पण जमिनीत पक्कं रुतलेलं लोखंड हाकेच्या अंतरावर होतं.

त्याने अक्काची मिठाची बरणी पारूबाईंच्या खुंट्याभोवती रिकामी केली. कोळसा टाकला. घागरभर पाणी ओतलं. म्हशीने खाली मान घालून मीठ चाटायला सुरुवात केली. कपाळावरचं टेंगूळ विसरून गेनबाने तिला चाटू दिलं. मग कुंपणाच्या तारेचं भेंडोळं आणलं. एक टोक खुंट्याला सहा वेढे. दुसरं टोक विमानाच्या शेपटीखालच्या लोखंडी दांड्याला सहा वेढे. मधे ढील ठेवायची होती. ढील किती, ते दाजींनी सांगितलं नव्हतं. म्हणून त्याने अख्खं भेंडोळं ढील ठेवलं. वाळल्या गवतात ते नीट मावलं, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून त्याने वरून आणखी गवत घातलं.

साहेब आले. पोहे खाल्ले. जरा अळणी लागले, पण बोलले नाहीत. इंजिन सुरू करायला सांगितलं. पंखा फिरला, धूळ उडाली. साहेबांनी वही काढली. तेलाची उष्णता बरोबर. तेलाचा दाब बरोबर. चारही सिलिंडर बरोबर. साहेब इंजिनाला हात लावून बघायचे, मग काट्याकडं बघायचे, आणि खूण करायचे. त्यांनी हात लावलेला बघून गेनबा खूश झाला. शिकलेला माणूस होता.

"मिस्त्री," साहेब म्हणाले, "घरी केलेल्या विमानात इतके खरे काटे मी बघितले नव्हते. आता पट्टीवर एकदा पळवा. चाकं जरा उचला आणि लगेच खाली घ्या. मग कागदावर सही करतो."

मिस्त्री सलूनच्या खुर्चीत बसले. अक्का दारात आली. खुराड्यासाठी धरलेली कोंबडी काखेत तशीच होती.

विमान पळालं. आधी खडखडत, मग सुसाट. चाकं उचलली. टाचेएवढं वर गेलं. गुडघ्याएवढं. कमरेएवढं गेलं तेव्हा अक्काच्या हातून कोंबडी सुटली आणि तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. "अगं बाई, उडलं की खरंच!"

आणि तिथं ढील संपली.

पारूबाईंच्या खुंट्याने "टंग" असा आवाज केला. खुंटा हलला नाही. मिस्त्रीने स्वतः ठोकला होता. म्हशीने मीठ चाटायचं थांबवून एकदा वर बघितलं. विमानाचं शेपूट हवेत जागच्या जागी थांबलं, आणि बाकीचं विमान पुढं गेलं. थोडंसंच. मग ते हरभऱ्याच्या वावरात पोटावर घसरत घसरत जाऊन बसलं.

सगळे धावले. मिस्त्री खुर्चीत धडधाकट बसले होते. टोपी तेवढी मागं शेपटापाशी राहिली होती. ते समोर बघत होते.

"सगळे काटे बरोबर हाईत," ते म्हणाले.

साहेबांनी वहीत बराच वेळ लिहिलं. मग म्हणाले, "इंजिन पास. विमान उडतं, तेही मी डोळ्यांनी बघितलं. शेपूट बसवा आणि मला परत बोलवा." तारेचा माग काढत ते खुंट्यापर्यंत गेले, मीठ बघितलं, कोळसा बघितला, म्हैस बघितली. पोहे अळणी का होते ते त्यांना तेव्हा कळलं.

अक्काने बोललेलं केलं. पण अर्धंच. तिने तुटलेलं शेपूट तेवढं उचलून अंगणात आणलं आणि कोंबड्या त्यात कोंडल्या. बाकीच्या विमानावर स्वतःची जुनी साडी पांघरली, दव पडू नये म्हणून.

गेनबा कुंपणाशी एकटाच उभा होता. टॉवेलाच्या चारी गाठी तो मोजत होता. चारी जागेवर होत्या. सगळं सांगितल्यासारखंच केलं होतं, मग चुकलं कुठं, हे त्याला उमगत नव्हतं. पलीकडं पारूबाई खुंट्याची तार सोडत होत्या. त्यांनी मान वर करून त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"चुकलं कुठं ते बघायचंय न्हवं, गेन्या? मग अदलाबदल कर. उद्यापास्नं तू माझ्या गोठ्यात उभा राहा, आणि माझी म्हैस तुझ्या दाजीच्या हाताखाली दे. विमान उडलं, म्हंजी बिघाड सापडला."